हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात संघटनेचा धडा हवाच

हॉटेल मॅनेजमेंटला किंवा कूकिंगच्या कुठल्याही कोर्सला आलेल्या पोरांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आपण काय शिकवतो ते आठवून बघा. नखं कापलेली हवीत, दाढी रोजच्या रोज, केस जाळीत, चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं, सुरी अशी धरायची, कांदा असा कापायचा, आणि शेफने काहीही सांगितलं की मोठ्याने "येस शेफ". हे सगळं बरोबरच आहे, दीडशे माणसांचा बुफे लावायचा असताना कोणी "पण का?" विचारत उभं राहिलं तर जेवण वेळेवर लागणारच नाही. पण आपण तीन वर्षं एवढंच शिकवतो. हुकूम कसा पाळायचा ते शिकवतो, पण चार माणसांना बरोबर घेऊन एखादी गोष्ट ठरवायची कशी, ठरलेल्याचा हिशोब द्यायचा कसा, वरच्याला न भांडता आणि न घाबरता "हे चुकतंय" सांगायचं कसं, हे कुठल्याच सेमिस्टरमध्ये येत नाही. मग हीच पोरं पाच-सात वर्षांत सीडीपी, म्हणजे एका सेक्शनचे प्रमुख होतात, सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचे होतात, हाताखाली सहा-आठ कॉमी, म्हणजे नवखे कूक येतात, आणि त्यांच्यावर जसं कोणी ओरडलेलं असतं तशीच तीही ओरडतात, कारण दुसरी पद्धत असते हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की विद्यार्थी संघटनेत जाणं म्हणजे काय, कशाला जायचं, कुठल्या संघटनेत जायचं आणि तिथे जाऊन नेमकं काय करायचं, हे कूकिंगच्या मुलांना वर्गात बसवून, टाइमटेबलमध्ये तास लावून शिकवायला पाहिजे. नोटीस बोर्डावर "इच्छुकांनी नावे द्यावीत" असा कागद लावून हे होत नाही. त्या कागदावर नाव कोण देतं हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, ज्यांचं इंग्लिश चांगलं आहे, जे शाळेत आधीच स्टेजवर गेलेत, ज्यांचे आईवडील "जा, कर" म्हणतात ती मुलं. बीड-परभणीकडून आलेला, होस्टेलवर राहणारा, मेसचे पैसे वाचवायला संध्याकाळी केटरिंगच्या डेलीवर, म्हणजे रोजंदारीवर, जाणारा मुलगा तो कागद वाचून पुढे निघून जातो, कारण हे आपल्यासाठी आहे असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. वर्गात शिकवलं की निदान दार सगळ्यांना दिसतं, मग आत जायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

संघटना म्हणजे मी कशाला म्हणतेय तेही सांगते. कॉलेजची हॉस्पिटॅलिटी असोसिएशन किंवा क्लब, एनएसएसचं युनिट, विद्यार्थी परिषद, शेफ लोकांच्या संघटनांचे तरुण शेफसाठीचे गट, यातलं काहीही चालेल. पण तीन गोष्टी तिथे असायला हव्यात, पदाधिकारी मुलांनी निवडलेले, पैशाचा हिशोब उघडा आणि मीटिंगमध्ये शेवटच्या बाकावरच्यालाही बोलता येईल अशी सोय. हे नसेल तर ती फक्त एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सरांची इव्हेंट कमिटी असते, खुर्च्या लावायला आणि पाहुण्यांना बुके द्यायला. त्यातूनही मुलं चार कामं शिकतात, नाही असं नाही, पण आपल्या निर्णयाला आपण जबाबदार असणं तिथे शिकता येत नाही, कारण निर्णय त्यांचा नसतोच.

आपल्याकडे कूकिंगचं शिक्षण आणि संघटना यांचं नातं जुनं आहे, आणि पोरांना हे सांगितलं की खरंच आश्चर्य वाटतं. आज दादरला असलेली मुंबईची आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, देशातली या विषयातली पहिली संस्था, १९५४ साली सुरू झाली ती ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिल या बायकांच्या संघटनेमुळे, लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती, लोकांनी काय आणि कसं खावं हा सार्वजनिक प्रश्न झाला होता, आणि त्या प्रश्नावर एकत्र आलेल्या बायकांनी ही संस्था काढली. म्हणजे आज ज्या पदवीवर आपली मुलं दुबईपासून क्रूझपर्यंत नोकऱ्या मिळवतात तिच्या मुळाशीच मीटिंगा, ठराव, वर्गण्या आणि जबाबदाऱ्यांची वाटणी आहे. बेशमेल सॉसचा इतिहास आपण शिकवतो, हा का नाही शिकवत?

आणि दुसरं उदाहरण तर दादर-परळच्या गल्ल्यांतलंच. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका होत्या, घरातल्याच चुलीवर वीस-पंचवीस गिरणी कामगारांचं जेवण करायच्या. किराणा उधारीवर, त्यावर व्याज, कामगाराचा पगार झाला की पैसे येणार आणि ते वाण्याकडे किंवा सावकाराकडे जाणार, आयुष्यभर हेच. स्वयंपाकात त्यांना कोणी काही शिकवावं अशी वेळ नव्हती, पण प्रत्येकजण एकटी होती. कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९७५ च्या आधीही त्यांच्या हाताला तीच चव होती आणि नंतरही तीच होती, मधे बदललं ते एवढंच की त्या बँकेच्या काउंटरवर एकट्या गेल्या नाहीत. लिज्जतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, १९५९, गिरगाव, सात बायका, ऐंशी रुपये उसने, ती परत सांगत नाही. पण अन्नपूर्णाची गोष्ट हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना माहीत नसते, आणि ती त्यांच्या जास्त जवळची आहे, कारण ती रोज जेवण बनवून विकणाऱ्यांची आहे.

आता आजचं बघा. हॉटेलवाल्या मालकांच्या संघटना किती पक्क्या आहेत. मुंबईत आहार नावाची संघटना आहे, पश्चिम भारतातल्या हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांसाठी एचआरएडब्ल्यूआय आहे, देशपातळीवर १९८२ पासून रेस्टॉरंटवाल्यांची एनआरएआय आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डिस्काउंट ॲप्सच्या विरोधात रेस्टॉरंटवाल्यांनी लॉगआउट मोहीम काढली, एकेकट्या रेस्टॉरंटचं कस्टमर केअरलाही कोणी ऐकत नव्हतं, पण सगळे मिळून ॲपमधून बाहेर पडल्यावर कंपन्यांना ऐकावं लागलं, चर्चेला बसावं लागलं, स्कीमच्या अटी बदलाव्या लागल्या. यात वाईट काहीच नाही, उलट शिकण्यासारखंच आहे. लायसन्स फी वाढली, एक्साइजचा नियम बदलला की मालक एकत्र भेटतात, निवेदन देतात, मंत्र्यांकडे जातात. आणि याच इंडस्ट्रीत खालून आत शिरणारा एकोणीस वर्षांचा मुलगा मात्र एकटाच शिरतो, हातात नाइफ किट आणि लॉग बुक, आणि डोक्यात "तोंड बंद ठेव, सहा महिने काढ" हा सीनियरचा सल्ला.

इंडस्ट्रियल ट्रेनिंग, पोरांच्या भाषेत आयटी, तिथे हे सगळ्यात जास्त दिसतं. ब्रेक शिफ्ट म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही, सकाळी दहाला यायचं, तीन-चारला "ब्रेक", पण राहायला लांब असल्यामुळे जायचं कुठे, मग लॉकर रूममध्ये बाकड्यावर पडायचं आणि सहाला परत उभं राहायचं ते क्लोजिंगपर्यंत. स्टायपेंड नावापुरता. एका मोठ्या हॉटेलात आमच्या मुलींना रात्री एक-दीडला सोडलं जायचं आणि घरी पोचवायची गाडी फक्त पर्मनंट स्टाफला. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला कामावर ठेवायचं तर तिची संमती, संरक्षण आणि जाण्यायेण्याची सोय लागते असं स्पष्ट आहे, आणि मुलगी शिकाऊ असली तरी रात्रीचा रस्ता तोच असतो. पहिल्या वर्षी गेलेल्या मुलींनी कोणालाच सांगितलं नाही, आपापसात रिक्षाचे पैसे काढले. पुढच्या बॅचमधली एक मुलगी आमच्या विद्यार्थी असोसिएशनची सेक्रेटरी होती. तिने काय केलं, त्या हॉटेलात असलेल्या सगळ्या मुलींच्या तीन आठवड्यांच्या सुटायच्या वेळा एका कागदावर लिहून काढल्या, तारखेसकट, कोणाबद्दल एक वाकडा शब्द नाही, आणि असोसिएशनच्या नावाने ट्रेनिंग कोऑर्डिनेटरकडे दिल्या, त्यांनी तो तक्ता तसाच एचआरला पाठवला. गाडी सुरू झाली. तिने भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही, तिला मिनिट्स, म्हणजे मीटिंगच्या नोंदी, लिहायची सवय होती म्हणून तक्रार कशी मांडायची हे कळलं, बस. ही सवय फूड प्रॉडक्शनच्या कुठल्याही प्रॅक्टिकलमध्ये लागत नाही.

पैशाचंही तसंच. फूड फेस्टिव्हल झाला की आमच्याकडे असोसिएशनची मीटिंग होते, बेकरी लॅबमध्ये, ओव्हन गार होईपर्यंत. एकदा खजिनदाराने जमाखर्च वाचला आणि पहिल्या वर्षाच्या एका मुलाने विचारलं, भाजीचं बिल कुठंय? तर बिल नव्हतं, कारण मार्केट यार्डात पहाटे माल घेतला, गाळेवाल्याने चिठ्ठीवर आकडे लिहून दिले आणि ती चिठ्ठी पोत्याबरोबर गेली. खजिनदार पोरगा लाल झाला, तिसऱ्या वर्षाचा होता, पहिल्या वर्षाच्या मुलाने सगळ्यांसमोर विचारणं त्याला झोंबलं, आणि किचनच्या रिवाजाप्रमाणे त्याने आवाज चढवला. अध्यक्ष मुलगी होती, ती म्हणाली इथे कोणी सीनियर-ज्युनियर नाही, प्रश्नाचं उत्तर दे. तो गप्प झाला, मग म्हणाला की बिल हरवलं, चूक झाली. मग पाऊण तास चर्चा करून पोरांनी ठरवलं की यार्डात कधीच एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, चिठ्ठीवर दोघांनी सही करायची आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. एफ अँड बी कंट्रोलच्या, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालाच्या हिशोबाच्या, लेक्चरला मी हीच गोष्ट फळ्यावर शिकवते, माल ताब्यात घेणं म्हणजे रिसिव्हिंग, मागणीपत्र म्हणजे इंडेंट, बिल मॅचिंग, आणि अर्धा वर्ग जांभया देतो. त्या दिवशी कोणी जांभई दिली नाही. आणि त्या खजिनदाराला, जो एक-दोन वर्षांत स्टोअर सांभाळणार आहे, सगळ्यांसमोर उत्तर द्यायची पहिली वेळ कॉलेजात आली, नोकरीत नाही, हे किती चांगलं झालं.

अमेरिकेत याचा विचार फार आधी झाला. तिकडे हायस्कूलमध्येच कूकिंगचा विषय असतो आणि त्याला जोडून विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाच्या संघटना असतात. एफसीसीएलए, म्हणजे फॅमिली, करिअर अँड कम्युनिटी लीडर्स ऑफ अमेरिका, ही संघटना १९४५ पासून आहे, तेव्हा तिचं नाव फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका होतं, आजचं नाव १९९९ मध्ये आलं. दुसरी स्किल्सयूएसए, ती १९६५ ची, तिच्यात वेल्डिंगपासून कलिनरीपर्यंत सगळ्या ट्रेडची मुलं येतात. तिथले शिक्षक संघटनेची ओळख, तिचे नियम, पदं आणि कामं वर्गातच शिकवतात, बऱ्याच ठिकाणी चॅप्टरचा, म्हणजे शाळेतल्या शाखेचा, सल्लागार आणि कूकिंगचा शिक्षक ही एकच व्यक्ती असते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एफसीसीएलएच्या स्पर्धांमध्ये कूकिंगची स्पर्धा असते तशीच सभा नियमाने चालवण्याचीही असते, ठराव कसा मांडायचा, दुरुस्ती कशी सुचवायची, मत कसं घ्यायचं, यालाही मार्क.

पण तिकडचं सगळं छान आणि आपलं वाईट असं मला म्हणायचं नाहीये. त्याच १९४५ मध्ये काळ्या मुलींसाठी वेगळी संघटना काढावी लागली होती, न्यू होममेकर्स ऑफ अमेरिका, कारण शाळाच वेगळ्या होत्या, आणि दोन्ही एक व्हायला १९६५ उजाडलं. संघटना काढली म्हणून समाजातला भेदभाव दाराबाहेर राहत नाही. आपल्याकडेही बघा, डिग्रीवाल्यांचा क्लब असतो आणि त्याच बिल्डिंगमध्ये फूड प्रॉडक्शनचा क्राफ्ट कोर्स किंवा बेकरीचं सर्टिफिकेट करणारी मुलं त्यात नसतात. त्यांना कोणी "नको" म्हणत नाही, फक्त मेसेज त्यांच्यापर्यंत जात नाही. आणि स्वयंपाक हा असा विषय आहे की कोणाच्या हातचं चालतं, भांडी कोण घासतं, नॉनव्हेजचं सेक्शन कोणाला देतात, यात जात आपल्याकडे शतकानुशतकं बसलेली आहे. संघटनेचा धडा शिकवायचा तर पहिला प्रश्न हाच शिकवावा, आपल्या यादीत कोण नाही?

आता विरोध. पालक म्हणतात आम्ही फी भरली ती पोराने राजकारण करावं म्हणून नाही. ही भीती उगाच नाही, महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, खूनसुद्धा झाला, आणि नव्वदच्या दशकात थेट निवडणुका बंद झाल्या. मग गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली, म्हणजे ज्याला मार्क जास्त तो सीआर, वर्गाचा प्रतिनिधी. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली पण अंमलबजावणी रखडतच राहिली. माझ्या मते यातून आपण चुकीचा धडा घेतला. मुलांना निवडणूक नीट कशी करायची ते शिकवायच्या ऐवजी निवडणूकच काढून टाकली, आणि आता तीस वर्षांनंतर अशी परिस्थिती आहे की स्वतः शिक्षकांनाही विद्यार्थ्यांची मीटिंग कशी असते ते आठवत नाही. पक्षांच्या विद्यार्थी शाखा आहेत, ज्याला जायचं त्याने जावं, अठरा वर्षांच्या माणसाला मत देता येतं तर हेही ठरवता येतं. पण वर्गात मात्र शिक्षकाने कुठल्या एकाच संघटनेची भलामण करू नये, कुठलीही संघटना तपासायची कशी तेवढं शिकवावं. मेंबरशिपचे पैसे कुठे जातात, पदाधिकारी किती दिवस बसतात, बाहेर पडायचं असेल तर पडता येतं का, आणि तुमचं काम झाल्यावर फोटोत कोण असतं.

दुसरा विरोध वेळेचा. सकाळी आठला प्रॅक्टिकल, दुपारी थिअरी, संध्याकाळी जर्नल, त्यात हे कधी? खरंय, मुलं दमतात, उभी राहून राहून पाय सुजतात. म्हणूनच तर हे वेळापत्रकाच्या बाहेर टाकू नका म्हणतेय. बाहेर टाकलं की ज्याला संध्याकाळी कमवायला जावं लागतं तोच पहिला गळतो.

काहीजण म्हणतात स्पर्धा आहेत की, इंडिया स्किल्स आहे, वर्ल्ड स्किल्स आहे, २०२४ ला फ्रान्सच्या लियाँमध्ये पॅटिसरीत, म्हणजे केक-पेस्ट्रीत, भारताला ब्राँझ मिळालं, पोरांनी त्यात उतरावं. जरूर उतरावं, मी स्वतः मुलांना प्रॅक्टिसला थांबवते. पण स्पर्धेत तुम्ही, तुमचं टेबल आणि घड्याळ एवढंच असतं. किचनमध्ये तुमच्या बाजूला असा माणूस असतो ज्याची आई आजारी आहे, ज्याने आज तिखट जास्त टाकलं, ज्याला तुमच्याआधी प्रमोशन हवंय, आणि जेवण त्याच्यासकट वेळेवर बाहेर काढायचं असतं.

एक गोष्ट तर कायद्यानेच आलेली आहे आणि तरी शिकवली जात नाही. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे कॉलेजच्या लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी लागतात आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत. किती हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजांतल्या मुलींना हे माहितीये? वॉक-इन कूलरमध्ये, ड्राय स्टोअरमध्ये, अरुंद जागेत रात्री उशिरा काम करायला जाणाऱ्या मुलींना आपण फ्रीझरचं टेंपरेचर पाठ करून घेतो, मायनस अठरा, आणि आपला प्रतिनिधी निवडायचा हक्क आहे हे सांगत नाही. याला मी तरी निष्काळजीपणा म्हणेन.

तर करायचं काय. पहिल्या वर्षात, ट्रेनिंगला जायच्या आधी, सहा ते आठ तास द्यावेत. त्यातले दोन माहितीचे पुरेत, बाकी सगळे करून बघायचे. मुलांनीच अजेंडा काढावा, मीटिंग घ्यावी, मिनिट्स लिहावीत, दुसऱ्या गटाने ती वाचून चुका काढाव्यात. विषय खरा असावा, लॉकर कमी पडतात, प्रॅक्टिकलमध्ये उरलेल्या जेवणाचं काय करायचं, आयटीची यादी कुठल्या निकषावर लागते. यातला शेवटचा विषय काढला की काही कॉलेजं अस्वस्थ होतील, होऊ देत. शिक्षकाने मागच्या बाकावर बसावं आणि विचारल्याशिवाय बोलू नये, हे आम्हा शेफ मंडळींना फार जड जातं कारण आमची सवय पासवर, म्हणजे जेवण किचनबाहेर जातं त्या टेबलाशी, उभं राहून ऑर्डर पुकारायची, पण जमवायला हवं. मेंबर व्हायची सक्ती नको, शिकायची सक्ती चालेल.

नवीन शैक्षणिक धोरणाच्या रचनेत राज्यातल्या विद्यापीठांनी को-करिक्युलरचे क्रेडिट ठेवलेले आहेत, एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक हे सगळं त्यात बसतं. विद्यार्थी संघटनेचं काम त्यात बसवायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही, सिलॅबस ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजमधल्या पाच-सात लोकांनी मनावर घेतलं तर पुढच्या वर्षीच्या सिलॅबसमध्ये येऊ शकतं. आणि ते घेताना त्या शिक्षकाच्या वर्कलोडमध्येही हे तास धरा, कारण आत्ता हे काम जी कोणी माणसं करतायत ती सगळी स्वतःच्या वेळात करतायत आणि त्यांची बदली झाली किंवा कॉन्ट्रॅक्ट संपलं की पुढच्या जूनमध्ये असोसिएशन बंद पडलेली असते.